सुभेदारांचा हौद

आमच्या कडेगावचे निवृत्त सुभेदार रोज सकाळी आधी स्वतः पाण्यात उतरत, बुडी मारून आत डोळे उघडत, आणि मगच बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारत. काकूंचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून सुभेदारांनी परसात पोहण्याचा छोटा तलाव बांधला होता. ते त्याला हौदच म्हणत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून पाणी तपासताना मला बोलावणं यायचं. "मास्तर, सोडा टाकला तर पानी दुधागत हुतंय, अ‍ॅसिड टाकलं तर डोळं चुरचुरत्यात. ह्येला नेमकं पायजे तरी काय?" मलाही कळत नसे. पण मास्तरकीच्या सवयीनं मी ठामपणे काहीतरी सांगून टाकायचो.

नळीत पाणी घेऊन गोळी टाकायची; क्लोरिन असेल तसा गुलाबी रंग चढतो. एकदा रंगच येईना. "क्लोरिन संपलंय, टाका," मी म्हणालो. त्यांनी टाकलं. दुसऱ्या दिवशीही रंग नाही. "अजून टाका." तिसऱ्या दिवशी काकू पाण्यातून खोकत वर आल्या, डोळे लालभडक. त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

तलावाची औषधं विकणाऱ्या सांगलीच्या दुकानदाराला मी फोन लावला. तो म्हणाला, "क्लोरिन अति झालं तरी रंग उडतो. नमुन्यात पिण्याचं पाणी मिसळून बघा." मिसळलं, तर नळी गर्द गुलाबी! मी तसाच दवाखान्यात गेलो. "चूक माझी आहे," म्हणालो. 

"आमी दोघंबी चाचपडतूय," सुभेदार म्हणाले. "पर तुमी सांगाय आला न्हवं?"

काकू चार दिवसांत बऱ्या झाल्या. तेव्हापासून सुभेदार आधी स्वतः पाण्यात उतरू लागले. आणि तरीही रोज मलाच विचारत, "मास्तर, काय म्हनतंय पानी?" माझ्यावर त्यांचा विश्वास कसा उरला, हे मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या वर्षी सुभेदार झोपेतच गेले. राख सावडायच्या दिवशी ओढ्याकाठच्या स्मशानाकडची उताराची वाट बघून मी काकूंना हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," काकू म्हणाल्या. "आता चालाय येतंय मला." आणि काठी न घेता त्या माझ्यापुढे उतरून गेल्या.