शर्टाखाली न दिसणारे पिस्तूल

त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजूनही तोंड कडू होते. आणि तो विषय काढायची पाळी लोक माझ्यावर अधूनमधून आणतातच.

अलीकडचीच गोष्ट. मंडईतून भाजी घेऊन नारायण पेठेतल्या घरी परतत होतो. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ जिन्यात भेटले. खराडीच्या एका कंपनीत मोठ्या पदावर आहेत, शहराबाहेर बंगला बांधत आहेत. म्हणाले, "आपण पोलिसात होतात म्हणून विचारतो. अंगावर बाळगायला लहान पिस्तूल कोणते घ्यावे? आणि बोर कोणता?" बोर म्हणजे नळीचा आतला व्यास, नळीची लांबी, वजन, मॅगझिनमध्ये काडतुसे किती, सगळे त्यांनी इंटरनेटवर वाचून ठेवले होते. मी विचारले, "आपल्याला धोका कोणापासून आहे?" ते म्हणाले, "तसा कोणापासून नाही. पण अर्जात धोका दाखवता येईल."

हेच वाक्य मी नोकरीत असताना फार वेळा ऐकले. एकदा त्याचा शेवट कसा झाला, तो लिहून ठेवतो. नावे कोणाचीच देत नाही.

शहराच्या पूर्वेला आयटी पार्कच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाचा हा काळ. आमच्या हद्दीत नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावांचा भाग होता. ज्वारीच्या रानांना चौरस फुटांचा भाव आला होता. जमीन विकली की आधी बंगला, मग मोठी गाडी, मग शस्त्र परवान्याचा अर्ज, हा क्रम मला पाठ झाला होता. त्या पोलीस ठाण्यात मी गुन्ह्यांच्या तपासाचा निरीक्षक होतो.

एका संध्याकाळी गावातल्या एका जमीनमालकाला मांडीत गोळी लागलेल्या अवस्थेत रुग्णालयात दाखल केल्याची खबर आली. वय पंचेचाळीसच्या आसपास, गावात वजन, पालिकेच्या निवडणुकीचे तिकीट जवळजवळ ठरलेले. त्याला आपण थोरला म्हणू. त्याने जबाब दिला, की तो आपल्या प्लॉटजवळ गाडीत बसलेला असताना मोटारसायकलवरून दोघे आले, तोंडाला रुमाल बांधलेले, आणि उघड्या खिडकीतून गोळी झाडून पळाले. गोळी मांडीत वरून खाली गेली होती. गाडीत बसलेल्या माणसावर बाहेरून कोणी हात आत घालून झाडली तर ती तशीच जाईल, म्हणून जबाबात वरवर खोट दिसत नव्हती. त्याच्याकडे परवान्याचे पिस्तूल होते, पण ते त्या दिवशी घरच्या कपाटात होते, असे त्याने आपणहून सांगितले. आम्ही पंचनामा केला तेव्हा ते खरोखर कपाटातच मिळाले. तेलपाणी करून, स्वच्छ पुसलेले.

खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "बाहेर कशाला हुडकताय? घरातच बघा. जुन्या तक्रारी काढा." आम्ही काढल्या. थोरल्याने परवान्यापूर्वीच्या वर्षात दोन अदखलपात्र तक्रारी दिल्या होत्या. दोन्ही सख्ख्या चुलतभावाविरुद्ध. 'रस्त्याच्या वादातून जिवे मारण्याची धमकी दिली' असा दोन्हींत एकच मजकूर, शब्दही तेच.

चुलतभाऊ थोरल्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. त्याला धाकटा म्हणू. घटनेच्या वेळी तो दुसऱ्या प्लॉटवर एकटाच पाण्याच्या टँकरची वाट बघत होता. पाहिलेला कोणी नाही. हेतू कागदावर, साक्षीदार नाही, वरून वरिष्ठांचे फोन. त्याला अटक झाली. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

मी खूप आरोपी पाहिले आहेत. निर्दोष माणूस बहुधा पहिल्या तासात ओरडतो, रडतो, शपथा घेतो. हा शांत होता. जेवण आले की जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, याची उत्तरे नीट द्यायचा. त्या दोन तक्रारींचा विषय काढला की मात्र एकच वाक्य.

"त्ये दादाला इचारा."

"दादानेच तक्रार दिली आहे. तू धमकी दिली होतीस की नाही, एवढे सांग."

"दादा सांगल की, साहेब. बरं वाटू द्या त्याला. दादा आला की समदं सांगल."

माझ्या हाताखालच्या उपनिरीक्षकाला हे बेरकीपणाचे वाटले. त्याने जरा कडक चौकशीची परवानगी मागितली. मी दिली नाही. दयेपोटी नाही. ज्या माणसाविरुद्ध फिर्याद आहे तो फिर्यादीच्याच येण्याची वाट बघतो आहे, हे मला कोणत्याही हिशेबात बसत नव्हते.

मी तक्रारी पुन्हा वाचल्या. त्या ज्याने लिहून घेतल्या होत्या, तो हवालदार अजून ठाण्यातच होता. पोट सुटलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. त्याला बोलावून विचारले, तक्रार दिली त्या दिवसाचे काही आठवते का. तो आधी मान खाजवत उभा राहिला.

"आठवतं, साहेब. तक्रारदार आणि धमकी देणारा एकाच गाडीवरून आले होते."

"एकाच?"

"धमकी देणारा चालवत होता. समोरून चहा पण त्यानंच आणला. मला बिनसाखरेचा."

"आणि तुम्ही तक्रार लिहून घेतली?"

"आपण काय, सांगेल ते लिहितो. चहा चांगला होता," तो म्हणाला.

मग बाकीचे कळायला वेळ लागला नाही. परवान्याचा थोरल्याचा पहिला अर्ज 'जीवितास धोका असल्याचे आढळून येत नाही' या शेऱ्याने नामंजूर झाला होता. परवान्याची कामे करून देणाऱ्या एका मध्यस्थाने त्याला सल्ला दिला, की धोका दाखवा. ठाण्यात दोन तक्रारी असल्या की फाइल पुढे सरकते. पण नाव कोणाचे द्यायचे? खऱ्या भांडणातल्या माणसाचे दिले तर तो उलटतो, उलट तक्रार करतो. म्हणून थोरल्याने घरातल्याच, आपल्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या माणसाचे नाव दिले. धाकटा हसत तयार झाला. नुसती अदखलपात्र तर आहे, त्याने काय होते! कधी कोणापाशी बोलायचे नाही, एवढा शब्द थोरल्याने मध्यस्थासमोरच घेतला होता, आणि हे सगळे मला मध्यस्थानेच सांगितले. कोठडीत बसून धाकटा तो शब्द पाळत होता.

एवढ्याने तक्रारी खोट्या ठरत होत्या. गोळी कोणी झाडली हे ठरत नव्हते. उपनिरीक्षक म्हणालाच, "तक्रारी खोट्या असतील साहेब, पण भाऊबंदकी खरी असू शकते." त्याचे म्हणणे चूक नव्हते.

उत्तर निघाले ते थोरल्याच्या पिस्तूल निवडण्यातून.

परवाना मिळाल्यावर तो शस्त्रांच्या दुकानात गेला. दुकानदाराने मला त्या खरेदीचे तपशील सांगितले. सामान्य नागरिकाला नऊ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, तो बोर प्रतिबंधित आहे. बहुतेक लोक सरकारी कारखान्याचे पॉइंट थ्री टू घेतात, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटरची गोळी. दुकानदाराने आधी त्या बोरचे रिव्हॉल्व्हर दाखवले. वजन पाऊण किलोच्या आसपास, सहा गोळ्यांचे गोल चक्र. थोरल्याने ते कमरेला खोचून आरशात बघितले आणि म्हणाला, पोटावर उंचवटा दिसतोय. त्याच बोरचे पिस्तूल दाखवले. ते चपटे, पण लांबीने त्याला जास्त वाटले. बसले की टोचते म्हणाला. गावातले इतर लोक रिव्हॉल्व्हर दिसावे म्हणून शर्ट मुद्दाम आत खोचत. याला निवडणूक लढवायची होती. मतदाराच्या दारात कमरेचे हत्यार दिसून चालणार नव्हते, पण असायला तर हवे होते. शेवटी दुकानदाराने एका वारसाने विकायला ठेवलेले जुने परदेशी पिस्तूल काढले. पॉइंट टू फाइव्ह. तळहातात मावणारे, वजन रिव्हॉल्व्हरच्या जेमतेम निम्मे, गोळी सव्वासहा मिलिमीटरच्या किंचित वर. किंमत नव्या रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट. दुकानदाराने सांगितले होते, की हे जुने आहे, याचा खटका झिजलाय, नळीत गोळी ठेवून बाळगू नका. थोरल्याने शर्ट खाली ओढला, आरशात बघितले, काही दिसले नाही, आणि व्यवहार झाला.

आता मांडीतली गोळी. ती हाडाजवळ रुतली होती. काढण्यात धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी ती आतच ठेवली होती. त्यामुळे तपासणीला पाठवायला गोळीच नव्हती. मी एक्स-रेची फिल्म मागवली, खिडकीच्या काचेला लावली आणि पट्टीने सावली मोजली. जाडी सात मिलिमीटरसुद्धा भरेना. एक्स-रेमध्ये वस्तू असते त्याहून थोडी मोठी दिसते, लहान कधीच दिसत नाही. म्हणजे खरी गोळी सातच्या बरीच आत. बेकायदा हत्यारे आम्ही नेहमी पकडायचो. त्यात गावठी कट्टे असत, पॉइंट थ्री टूची पिस्तुले असत, क्वचित नऊ मिलिमीटरही असे. पॉइंट टू फाइव्ह कोणी आणत नाही, कारण त्याची काडतुसे सहजी मिळत नाहीत. बंदुकीच्या तज्ज्ञांना फिल्म दाखवली. ते म्हणाले, पॉइंट टू टूची शिशाची गोळी हाडावर आपटून चेपते, ही जशीच्या तशी आहे, वर तांब्याचे आवरण असणार. पॉइंट टू फाइव्ह धरून चाला. आमच्या हद्दीत त्या बोरचा परवाना एकाच माणसाकडे होता, आणि गोळी त्याच्याच मांडीत होती.

मी रुग्णालयात गेलो. थोरला उशीला टेकून बसला होता. फळांच्या करंड्या, पुष्पगुच्छ, पायाशी दोन कार्यकर्ते. कार्यकर्त्यांना बाहेर पाठवले आणि त्याला सरळ सांगितले, की गाडीत बसल्यावर पिस्तूल पोटाला टोचले, तू ते उपसायला गेलास, बोट घोड्यावर पडले. एवढेच झाले ना?

त्याने पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "परवान्याचं काय व्हईल?"

मी म्हणालो, "तुझा भाऊ आत आहे."

"वकील लावलाय ना मी त्याला. पुण्यातला भारीतला. खर्च समदा माझा. दोन-चार महिन्यांत सुटंल की, पुरावा कुठं हाय?"

"तो सांगतोय, दादा आला की सगळे सांगेल."

त्यावर तो चिडला. "काय सांगू, साहेब? सोताच्याच पिस्तुलानं सोताच्याच मांडीत गोळी मारली म्हणून सांगू? गाव हसंल. पोस्टर छापलीत माझी. उद्या दारात गेलो की पोरं विचारतील, भाऊ, आज आणलंय का?"

मी खुर्चीवरून उठलो. सांगितले, की न्यायालयाच्या परवानगीने गोळी काढून घेऊ आणि तुझ्या पिस्तुलाशी ताडून बघू. डॉक्टर म्हणतात त्यात पायाचे बरेवाईट होऊ शकते. त्याने डोळे मिटून घेतले. "त्यापरीस लिहून घ्या," म्हणाला. जबाब तिथेच लिहून घेतला. त्यात त्याने अपघाताचा तपशील दिला, अगदी जवळून गोळी झाडल्याचा जळका डाग असलेली पँट घरच्यांनी जाळली आणि पिस्तूल मेव्हण्याने पुसून कपाटात ठेवले हेही सांगितले. भावाबद्दल एक शब्द आपणहून बोलला नाही. तो मला विचारून घालावा लागला.

धाकट्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ प्रमाणे न्यायालयात गेला. थोरल्यावर खोटी माहिती दिल्याचा आणि शस्त्र कायद्याखालचा खटला झाला, परवाना रद्द झाला. तिकीट दुसऱ्याला मिळाले.

सुटकेचे कागद झाले त्या दुपारी धाकटा माझ्या टेबलासमोर उभा होता. बाहेर थोरल्याने पाठवलेली मोठी गाडी आली होती, ड्रायव्हर हार घेऊन उभा. धाकट्याने सही केली आणि सहज विचारले, "दादानं सांगितलं ना?"

हो म्हणालो असतो तरी ते खोटे ठरले नसते. जबाब होता, त्यावर सही होती. पण ज्याने एवढे दिवस तोंड उघडले नाही, त्याला अर्धे खरे सांगणे मला बरे वाटले नाही. एक्स-रे, बोर, तज्ज्ञ, गोळी काढण्याची गोष्ट, सगळे क्रमाने सांगितले.

त्याने शांतपणे ऐकले. "म्हंजे गोळीनं सांगितलं," तो म्हणाला. "दादानं न्हाई."

मग त्याने विचारले, की माझ्या नावावरच्या त्या दोन तक्रारी काढून टाकता येतील का. मी सांगितले, त्या खोट्या निघाल्याचा शेरा पडेल, पण नोंद खोडता येत नाही.

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला. "आता त्या खोट्या हायत असं मी तरी कुणाला सांगणार न्हाई."

तो बाहेर पडला. ड्रायव्हरने हार पुढे केला, तो त्याला वळसा घालून बसथांब्याकडे चालत गेला. पुढे त्याने आपल्या वाट्याची जमीन विकली आणि बायकामुलांसह गाव सोडले. दोघांचे येणेजाणे राहिले नाही, एवढे हवालदाराकडून कळले.

त्यानंतर परवान्याची चौकशी माझ्याकडे आली की अर्जात ज्याच्यापासून धोका लिहिला आहे त्याला मी ठाण्यात बोलावत असे आणि दोघांना समोरासमोर बसवत असे. बरेच अर्ज तिथेच मागे घेतले गेले. वरिष्ठांना हे जास्तीचे काम वाटे, पण मी ते शेवटपर्यंत सोडले नाही. खरा धोका असलेला माणूस पिस्तूल शर्टाखाली दिसेल की नाही हे विचारत नाही, तो संरक्षण कधी मिळेल ते विचारतो. आणि खोटा धोका दाखवायला शत्रू उपयोगी पडत नाही. त्यासाठी आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारा माणूस लागतो. असा माणूस प्रत्येकाच्या घरात एखादाच असतो, आणि लोक नेमके त्याचेच नाव लिहून देतात.