भिंतीवरचा बापू

सदाभाऊजी गेल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. भिलाईत कोहक्याच्या माझ्या खोलीवर आलो की वाटायचं, सेक्टर दोनला ताईकडे जावं. तिथं पोहोचलो की दहा मिनिटांत सायकल काढून पावर हाउसच्या बाजारात निघायचो, आणि घ्यायचं तर काहीच नसायचं. बातमी आली तेव्हा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेत होतो. ताईच्या शेजारी राहणाऱ्या रावांनी माणूस पाठवला होता. "घर चलिए, बाबू," एवढंच तो म्हणाला. वाटेभर मी त्याला विचारत राहिलो, ताईला काय झालं, तिच्या मुलीला, कुसुमला काय झालं... भाऊजींचं नाव माझ्या तोंडी आलंच नाही. त्यांना काही होईल असं कुणाला वाटणार! पहिल्या पाळीवरून दुपारी आले, हातपाय धुतले, चहाचा कप घेऊन मधल्या खोलीत भिंतीसमोर बसले. ताई कपबशी उचलायला गेली तेव्हा निम्मा चहा तसाच होता.

त्या भिंतीविषयीच मला लिहायचं आहे. भिंत कंपनीची, क्वार्टर कंपनीचं, आणि नोकरीतला माणूस गेला की काही दिवसांत क्वार्टर सोडावं लागतं. पुढच्या माणसाला चावी मिळण्याआधी चुना मारणारे येतात. नियम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण त्या भिंतीवर बापू होता. बापू म्हणजे ताई-भाऊजींचा थोरला मुलगा. तो दोन वर्षांचा असताना गेला, आणि या भिंतीखेरीज त्याचा फोटो, चित्र, काहीही कुठे नव्हतं.

भाऊजी वैनगंगेकाठच्या धानाच्या मुलखातले. शेती थोडी, भाऊ बरेच, आणि यांचा जीव सगळा रंगात. पोळ्याला गावभरचे बैल यांच्याकडून रंगवून घ्यायला लोक रांग लावत, आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा पडदा यांच्याशिवाय उभा राहत नसे. माझ्या वडिलांना हे स्थळ अजिबात पसंत नव्हतं. रंगाऱ्याला पोरगी देऊन काय तिला भिंत चाटायला लावायची, असं ते म्हणत. पुढे भिलाईला कारखाना उभा राहतोय, माणसं भरती करून राहिले, अशी हाकाटी झाली तेव्हा भाऊजी बायको-मुलाला घेऊन पहिल्या खेपेलाच निघाले. त्यांना नोकरीची घाई होती की एवढा मोठा कारखाना बघण्याची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा इथं क्वार्टरं कमी आणि चिखल फार. टिनाच्या शेडमध्ये बिऱ्हाडं, वरून वैशाखाचं ऊन. त्या पहिल्याच उन्हाळ्यात बापूला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत लेकरू हातचं गेलं.

आमच्याकडे आषाढातल्या अवसेला भिंतीवर जिवती काढतात. मधे आई, तिच्या अंगाखांद्यावर आणि भोवती लेकरं. घरच्या मुलाबाळांना आयुष्य मागायची ही पूजा. काढायची ती बाईनं, गेरूनं. त्या वर्षी ताई म्हणाली, मी कोणासाठी काढू? ती तोंड फिरवून पडून राहिली. तेव्हा भाऊजींनी शेडच्या टिनावरच गेरूनं जिवती काढली आणि तिच्या मांडीवर बापू काढला. हुबेहूब... तेच मोठं कपाळ, तोच एका कानाला वाकडा कोपरा. आसपासच्या बाया गडीमाणूस जिवती काढतो म्हणून हसल्या, आणि मग जवळ येऊन बघितल्यावर हात जोडून परत गेल्या.

सेक्टर दोनचं क्वार्टर मिळाल्यावर भाऊजींना मधल्या खोलीची भिंत मिळाली. अवसेच्या आधीच्या रविवारी ते स्वतः चुना मारून भिंत कोरी करायचे आणि नव्यानं जिवती काढायचे. पण बापू मात्र ते तेवढाच काढत नसत. दर वर्षी तो एका वर्षानं वाढलेला असे. मांडीवरून खाली उतरला, आईचा पदर धरून उभा राहिला, मग हाफपँट आली. एका वर्षी त्याचा समोरचा दात पडलेला होता. रावांचा मुलगा बापूच्याच वर्षा-महिन्यातला, म्हणून त्याला लिमलेटची गोळी देऊन भाऊजी भिंतीला उभा करायचे आणि त्याच्या डोक्याशी खडूनं खूण करायचे, बापूची उंची तेवढी. मागच्या अवसेला बापूच्या खांद्यावर दप्तर आलं, पाठीमागे कारखान्याची धुराडी आली, आणि हात धरून कुसुम. कुसुम इथं जन्मली, तिनं भावाला भिंतीवरच पाहिलं. तरी शाळेत विचारलं की सांगते, मेरा एक भाई है, घर पे रहता है.

समोरच्या क्वार्टरातल्या नागपूरकडच्या काकूंना हे खपत नव्हतं. जित्या लेकरांच्या पूजेत गेलेलं लेकरू कशाला, कुसुमवर सावली पडेल, असं त्यांनी ताईच्या मनात भरवलं. ताई घाबरली. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. शेवटी भाऊजींनीच काकूंना घरी बोलावलं, पाट दिला आणि शांतपणे सांगितलं, "काकू, माय पोरं मोजते तवा गेलेलंही मोजते. मी बाप आहो, मले वेगळं मोजता येत नाही." काकू चहा घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी अवसेला त्यांनी पुरणाचे दिवे आणून दिले.

एवढं ऐकून भाऊजी म्हणजे कोणी गंभीर, दुःखी गृहस्थ असं वाटेल. छे! त्या माणसाचे हात दोन क्षण स्वस्थ नसत. ताई भाकरी थापत असली की परातीतल्या पिठावर बोटानं तिचंच नाक काढून ठेवायचे, आणि ती चिडली की हळूच ते नाक आणखी लांब करायचे. मला साळेसाहेब म्हणायचे आणि माझ्या लग्नाच्या प्रत्येक स्थळाचं, मुलगी न पाहताच, चित्र काढून दाखवायचे. कामावर ते ओर यार्डात, म्हणजे लोहदगड उतरवायच्या आवारात, खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार. राजहऱ्याच्या खाणीतून मालगाडीचे डबे दगडानं भरून यायचे, ते इथं रिकामे व्हायचे. एकदा त्यांनी परत जाणाऱ्या रिकाम्या डब्यावर खडूनं मोर काढला. काही दिवसांनी तोच डबा भरून आला तेव्हा मोराच्या चोचीखाली कोणीतरी साप काढलेला होता! मग काय, इकडून मुंगूस गेलं, तिकडून मुंगसाला टोपी आली. पावसानं डबे धुऊन निघेपर्यंत हे चालू होतं. खाणीवरचा तो माणूस कोण, कुठल्या भाषेचा, भाऊजींना कधी कळलं नाही. साहेबाकडून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

त्या दगडाची लाल धूळ अंगावर घेऊनच ते घरी येत. ताई कपडे बादलीत भिजवायची, तळाशी लाल गाळ बसायचा, भाऊजी वरचं पाणी ओतून तो गाळ वाळवायचे आणि डिंकात कालवून रंग करायचे. हळद, नीळ, काजळी घरचीच. पण बापूच्या अंगाला मात्र हा कपड्यातला लाल, दुसरा नाही. दर वर्षी ते भिंत पांढरी करायचे तेव्हा मी कुरकुरत असे, एवढं चांगलं काढलेलं पुसता कशाला? ते हसून कुंचा चुन्यात बुडवायचे.

आता मात्र पुसल्यावर पुन्हा काढणारे हात नव्हते. म्हणून ती भिंत वाचवायची, हे एकच माझ्या डोक्यात बसलं. क्वार्टर माझ्या नावावर मिळावं म्हणून खेटे घातले, पण माझी नोकरी नवी, नंबर फार लांब. दुर्गहून फोटोवाला आणला. लाल रंग फोटोत काळा उमटेल हे मला कुठून ठाऊक असणार? धुराडी आली, जिवती आली, कुसुमही आली, आणि बापूच्या जागी नुसता काळा डाग. तो फोटो मी ताईला दाखवलासुद्धा नाही. मिस्त्रीला विचारलं, भिंतीचा पापुद्रा काढता येईल का. तो म्हणाला, हात लावाल तर तेवढंही राहणार नाही. रोज नवा माणूस गाठायचा, रोज रिकाम्या हातानं परत यायचं, आणि ताई एका शब्दानं विचारायची नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला राग येत होता.

शेवटी मी ज्याला क्वार्टर मिळालं होतं त्यालाच शोधून काढलं. ओडिशाकडचा फिटर, तरुण, बायको अजून गावी. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बच्चे की तस्वीर है, रहने दीजिए. हम उधर खटिया भी नहीं लगाएँगे." चुनेवाल्यालाही त्यानंच समजावलं. मी सायकल हाणत सेक्टर दोनला आलो. कित्येक दिवसांनी मला भूक लागली होती.

दारातच ओल्या चुन्याचा वास आला. ताई पदर खोचून स्टुलावर उभी होती, हातात कुंचा. धुराडी गेली होती, जिवतीचा मुकुट गेला होता, आणि बापू पायापासून गळ्यापर्यंत पांढरा झाला होता. मी तोंडाला येईल ते बोललो. कोणासाठी मी दारोदार हिंडलो, तो परका माणूस हो म्हणाला आणि तू सख्खी आई... तिनं सगळं ऐकून घेतलं. मग स्टुलावरून न उतरताच म्हणाली, "झालं तुझं बोलून? ही भिंत अशीच ठेवली तं माहा बापू यंदाही तेवढाच राहीन, अन् पुढच्या सालीही. त्याईनं एक साल त्याले लहान ठेवला नाही. मी कावून ठेवू?"

घरात दुसरा कुंचा नव्हता, म्हणून मी बादली धरून उभा राहिलो. बापूच्या कपाळावरून कुंचा फिरवताना तिचा हात थांबला नाही.

आता ताई आणि कुसुम माझ्याकडे कोहक्याला आहेत. परवा जिवतीची अवस झाली. जन्मात ताईनं कधी सरळ रेघ ओढलेली नाही. सकाळी तिनं गेरू भिजवला आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर काढायला बसली. जिवती एका बाजूला कलली, तिचे डोळे कपाळात गेले. मग बापू काढला. हात लांब, पाय त्याहून लांब, आणि उंची पार आईच्या खांद्याच्या वर. दप्तर काढायला जागाच उरली नाही. कुसुम मागे उभी राहून बघत होती.

"आई, दादा तो कितना लंबा हो गया!"

ताईनं गेरूची बोटं वाटीत बुडवली आणि भिंतीकडे बघतच म्हणाली, "होईन नाही तं काय. बाप गेल्यावर पोरं एका सालात मोठे होतेत."