कडू पिवळं पाणी

नेरला आमच्या शेजारणीकडे सगळ्यावर एकच औषध होतं, कोरफड. भाजलं, केस गळले, खोकला झाला, की ती पान कापून ताटलीत तिरपं उभं ठेवायची. कडू पिवळं पाणी निथळल्याशिवाय आतल्या गराला हात लावू देत नसे.

त्या वर्षी मला मुलाला सासूबाईंजवळ ठेवून मास्तरणीच्या ट्रेनिंगला यवतमाळला जायचं होतं, आणि अडीच वर्षांचा झाला तरी तो अंगावरचं दूध सोडत नव्हता. शेजारणीनं पान निथळवलं आणि गर मला लावायला दिला. मुलानं तो मिटक्या मारत चाटला आणि पुन्हा प्यायला लागला.

"काहून सोडत नाही हा?" म्हणत तिनं गर चाखला आणि कपाळावर हात मारला. "कडूपणा मीच काढून टाकला ना माय."

मग ताटलीतलं पिवळं पाणी लावलं. मुलगा थुंकला, रडला आणि संध्याकाळी वाटीनं गाईचं दूध प्यायला.

पुढच्या सोमवारी माझी ट्रंक तिनंच डोक्यावर घेतली. मुलगा तिच्या कडेवर होता. बसपर्यंत भेटेल त्याला ती थांबवून सांगत होती, "पाहा, आमची मास्तरीण शिकाले चालली."