डबा बांधणारा

गाव सोडलं त्या सकाळी पळसदेवच्या फाट्यावर आमचं सगळं तरुण मंडळ मला पोचवायला आलं होतं. एसटी दिसली तशी आईनं पदर डोळ्यांना लावला. तात्या मंडळाचे सगळ्यात वडीलधारे. खिडकीतून माझी बॅग आत सारत ते म्हणाले, "इमान पान्यात पडलं तर घाबरू नगं. तुला पवता येतंय." सगळे हसले. आईसुद्धा हसली.

बारामती एमआयडीसीतल्या कंपनीनं मला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं होतं. आता माझी मुलगी इथं कॉलेजात आहे.

उजनी धरणाचं पाणी आमच्या दाराशी आलेलं, आणि आमच्या आईबापांना फक्त विहिरी माहीत. म्हणून उन्हाळ्यात तात्या पोरांच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकलायचे. रडणाऱ्याला म्हणायचे, "रड, पन पाय हलीव." ज्याला डब्याशिवाय पोहता आलं, त्यानं तो डबा पुढच्या पोराला स्वतः बांधायचा आणि ते पोर तरंगायला लागेपर्यंत त्याला सोडायचं नाही, हा मंडळाचा नियम. पाणी उतरलं की धरणात बुडालेलं जुनं देऊळ वर यायचं. आम्ही त्यातला गाळ काढायचो आणि दमलो की पायरीवर उभं राहून एकेकानं भाषण ठोकायचं. बाकीचे चिखलाचे गोळे घेऊन तयारच असायचे. तिथं भीड चेपली म्हणून मी इंटरव्ह्यूत बोलू शकलो. तात्यांनी आम्हाला गावासाठी घडवलं, आणि त्याच जोरावर आम्ही गाव सोडलं. कुणी पुण्याला, कुणी मस्कतला.

मंडळ आता व्हॉट्सॲपवर आहे. गेल्या उन्हाळ्यात देवळापाशी शाळेतलं एक पोरगं बुडालं. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही टाकले, मीटिंगमध्ये, टेबलाखाली फोन धरून.

यंदा तात्यांचा फोन आला. गुडघे गेलेत, पाण्यात उतरवत नाही म्हणाले. "पोरं हायत. डबं बी हायत. बांधनारा न्हाय. पंधरा दिस ये."

"बघतो, तात्या."

"बघतो म्हनलास, म्हंजी न्हाय येत." मग त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली. तिला पोहता येतं का, हेही विचारलं. येतं म्हणालो. इथं पहिलीपासून शिकवतात.

रजा शिल्लक होती. बायको तर जाच म्हणत होती. तुम्हाला खरं सांगतो, अडवलं कुणीच नाही. पाण्याकडं जाणारी वाट त्या बुडालेल्या पोराच्या घरावरून जाते. दुसऱ्यांची पोरं घेऊन त्याच्या आईच्या डोळ्यांसमोरून जायचं, तेही एक उन्हाळा उशिरा, एवढं बळ माझ्यात नाही. म्हणून आम्ही तिघं इटलीच्या समुद्रावर गेलो. मी खूप लांबपर्यंत पोहलो.

तिथंच ग्रुपवर फोटो आला. देऊळ गुडघाभर गाळात उभं. काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तात्या, पायाशी डबे. पोरं पाण्यापासून लांब, झाडाखाली मोबाईलमध्ये डोकी घालून बसलेली.

इतकी वर्षं घर म्हटलं की मला ते पाणी आठवायचं, आणि पोटाखाली धरलेला कुणाचा तरी हात. आता ती खुर्ची आठवते. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले होते. मी दिला नाही. माझ्याच्यानं एवढंच झालं.