वरून न दिसलेले नाकतोडे

उपग्रहाला नाकतोडा दिसत नाही. इतक्या उंचीवरून त्याला म्हैससुद्धा दिसत नाही. तरीही मावळातल्या माळांवर नाकतोडे कुठे अंडी घालतात याचा नकाशा करायचं काम आमच्या ऑफिसने घेतलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी लोणावळ्याची, म्हणून मला गवत कळतं, असा साहेबांचा समज. लोणावळ्यात आम्हाला फार तर चिक्की कळते.

पावसाळ्यात उपग्रहाला इथे ढगांशिवाय काही दिसत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमाराचं एक आणि उन्हाळ्यातलं एक अशी दोन चित्रं घ्यायची, आणि गवत विरळ, माती उघडी आणि तापलेली कुठे आहे ते कॉम्प्युटरने शोधायचं. नाकतोड्याची मादी अशाच मातीत अंडी घालते. धोक्याची जागा लाल, बिनधोक जागा हिरवी. पहिल्याच फेरीत कॉम्प्युटरने खंडाळ्यातल्या बंगल्यांची लॉनं अस्सल माळरान म्हणून काढून दिली. मी तपासायला गेले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, इथे चप्पल घालून चालू देत नाहीत, किड्याला कोण सोडणार?" ती चूक मी दुरुस्त केली आणि स्वतःला शहाणी समजू लागले.

बेडश्याला माझी मावशी राहते. डोंगराच्या पायथ्याशी तिचं एकच भातखाचर आहे. त्यातला वासाचा, चिकट इंद्रायणी तांदूळ तिला आणि काकांना वर्षभर पुरतो, दुसरीकडून काही येत नाही. दर उन्हाळ्यात ती कुदळीने खाचराचे बांध तासते. मातीतली अंडी उघडी पडतात, काही उन्हाने वाळतात, उरलेली साळुंक्या खातात. त्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता. काकांच्या हातात कुदळ दिली तर ते तिच्यावर हनुवटी टेकून तंबाखू मळतात, हे साऱ्या गावाला ठाऊक.

"पोरी, तुज्या त्या नकाशात आमचं खाचर दिसतंय का गं?" मावशीने विचारलं.

मी मोबाइलवर नकाशा उघडला. खाचराच्या वरचा उतार हिरवागार. कारण उन्हाळ्याच्या चित्रात तो काळाकुट्ट होता. नवं गवत जोमानं यावं म्हणून गावाने नेहमीप्रमाणे वाळलेलं गवत पेटवलं होतं, आणि जळक्या जागांना मी एकच नियम लावला होता: गवत जळलं, म्हणजे अंडी भाजली.

"मावशी, वर सगळं जळलंय. यंदा नाकतोडे येत नाहीत."

"मग बांद नको तासाया?"

"कशाला? गुडघा सांभाळ."

"आभाळातनं बगून सांगतीस, म्हंजी खरंच आसंल," असं म्हणून तिने कुदळ माळ्यावर टाकली. घरातल्या कुणी माझ्या कामाचं काही विचारायची ती पहिलीच वेळ. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

गवताची आग भराभर पुढे सरकते. अंडी असतात दोन बोटं खाली, त्या मातीला तिची धगही लागत नाही. उतार दरवर्षी जळायचा आणि तरी मावशी दरवर्षी बांध तासायची, या दोन गोष्टी काही मी जोडून पाहिल्या नाहीत.

श्रावणात काकांचा फोन आला, "ये, तुजं पावनं आल्यात."

खाचरात पाय टाकला की नाकतोडे तडातडा उडत होते. पातींच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. मावशी गुडघा ओढत, फाटक्या मच्छरदाणीच्या झोळीत त्यांना धरत होती. मी ऑफिसची जाळी घेऊन चिखलात उतरले आणि दिवस मावळेपर्यंत नाकतोडे धरले. मधेच रडूही आलं. साहेबांना फोन केला तर ते खूश झाले. म्हणाले, "उत्तम! प्रत्यक्ष नोंद मिळाली." त्यांना मी काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

दिवाळी झाल्यावर मावशीने जेवायला बोलावलं. ताटातला भात मोकळा, लांब दाण्याचा होता आणि त्याला वास नव्हता.

"हा कुठला गं?"

"दुकानातला. खाचरात आलं त्ये बियाण्याला ठिवलंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. तिने भातवाढी पुढे केली. "वाडू का आजून?"

मला नको म्हणायला तोंड नव्हतं. मी ताट पुढे केलं.