देव उठवायचा नाय

बैलगाडीत जातं चढवलं, मुसळ चढवलं, कोंबड्या टोपलीखाली कोंडून चढवल्या. मला सगळ्यात शेवटी. भात लोंबीला आलं होतं आणि आमच्या खाचरात सायबाची माणसं खुंट्या ठोकत होती, लोंब्या तुडवत. आय सारखी मागं वळून बघायची. बा तिला बोलला, "बघू नको. लढाई संपली की यायचंच हाय."

गावच्या माणसांनो, कल्याणकडं राहिलेल्या आणि पोटासाठी कुठं कुठं पांगलेल्या सगळ्यांना मी हे सांगते. मला सहीपुरतं लिहिता येतं. मी बोलते, नात स्नेहल मोबाईलवर उतरवते. ग्रुपवर टाकणार हाय. तुमच्या पोरांना वाचून दाखवा, त्यांना गाव नुसतं ऐकून ठाऊक.

लढाई म्हणजे ती दुसरी मोठी. जपान ब्रह्मदेशात घुसला, म्हणून इकडं विमानं उतरायला सपाट जागा पायजे झाली. आमचं गाव सपाटीवर, हाच आमचा गुन्हा. गाव खाली करा बोलले. थोड्या दिवसांसाठी, लढाई संपली की जमीन परत, असा सायबानं शब्द दिला.

आता गाव हलवायचं तर आपल्यात रीत हाय. आधी गावदेवाला विचारायचं. चिंचेखालचा शेंदराचा दगड, तोच आपला गावदेव. भगत त्याच्या अंगाला फुलं लावून कौल घेतो. उजवं फूल पडलं तर देव यायला तयार. मग त्याला पाटीत बसवून वाजतगाजत नव्या जागी न्यायचा, त्याला बसवायचा, आणि मगच पहिल्या घराची मेढ रोवायची. देव उठला की गाव उठलं.

पलीकडच्या पाड्यानं तसंच केलं. आमच्या म्हाताऱ्यांनी कौल लावलाच नाय. बा बोलला, "त्याला हलवला तर परत कुठल्या तोंडानं आणायचा? बसू दे राखणीला. आपण काय, आज गेलो नि उद्या आलो."

तिथंच चुकलं. पाड्याचं रुळापलीकडं नवं गाव झालं. आज कमान हाय, देऊळ हाय, लग्नाचा हॉल हाय. आमचं गाव झालंच नाय. देव नाय तर घराची मेढ कुठं रोवणार? कोणी मामाकडं गेला, कोणी सासऱ्याकडं, कोणी गिरणीत. हल्लीची पोरं हसतात, म्हातारे अडाणी होते बोलतात. अडाणी कशाला? त्यांनी शब्दावर भरवसा ठेवला. ज्यानं शब्द देऊन मोडला त्याला कोण हसत नाय!

आणि ऐका, धावपट्टी कोणी केली? आम्ही. घर गेलं, शेत गेलं, खायला पायजे, मग बायांना त्याच कामावर घेतलं. आय घमेल्यानं खडी टाकायची. कुठं? आमच्याच खाचरात. जिथं वाकून लावणी केली तिथंच वाकून दगड पसरले. खालून भाताचे कोंब वर यायचे, त्यांच्यावर खडी. आय घरी येऊन जेवायची नाय. बोलायची पण नाय. एकदाच बोलली, "पोटच्या पोराला आपल्या हातानं पुरल्यासारखं वाटतं गं." त्यानंतर कधीच नाय.

परवा स्नेहल मोबाईलवर त्याच लढाईचं बघत होती. मला बोलली, "आजी, ये ना, तुझ्या टायमाचं हाय." बघितलं. बर्फातलं कुठलंसं शहर, तिथं जर्मन अडकला, लढाई फिरली. समुद्रात बोटी बुडाल्या, जपान मागं सरला, लढाई फिरली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर गोरे सोजीर उतरले, परत फिरली. मग ते दोन बॉम्ब, आणि संपली. बोलणारा छान सुटाबुटातला. मी बोलले, "आणि आमचं?"

"तुमचं काय, आजी?"

"जपान मागं सरला तेव्हा आमची जमीन पण मागं यायला पायजे होती ना? ते कुठाय ह्याच्यात?"

पोरीनं मोबाईल बंद केला. तिकडं लढाई फिरली की इकडं बा उठून धावपट्टीच्या गेटावर जायचा. जर्मन हरला, बा गेला. "अजून जपान हाय," बोलले. जपान हरला, बा धुतलेलं धोतर नेसून गेला. "वर कळवलंय," बोलले. सोजीर गेले, विमानं गेली, धावपट्टीवर गवत वाढलं, त्यात गुरं चरायची, पण कुंपणाची तार हलली नाय. मग झेंडा बदलला. बा परत गेला. झेंडा नवा, तार तीच. गेटावरचा आता आपल्यातला होता, एवढाच फरक. तो मराठीत हाकलायचा.

बा मुलुंडला आला, दगडाच्या खाणीत लागला. मी पण खडी फोडली तिथं, माझी पोरं झोळीत टांगून. डोंगराला झोपडं होतं, मग चाळ, आता दत्तानं, माझ्या पोरानं, टॉवरात घर घेतलंय. लिफ्ट हाय, वॉचमन हाय. दोन वेळा खाते, पंख्याखाली झोपते. मुलुंडला मी नावं ठेवणार नाय. त्यानं कधी शब्द दिला नव्हता, तरी पोसलं.

पण लग्न निघालं की हळद पहिली गावदेवाला. ते आपण सोडलं नाय. माझ्या लग्नात पहारेकरी भला होता, "जल्दी करो" बोलला नि आत सोडलं. मी हळदीच्या हातानं दगडाच्या पाया पडले. दत्ताच्या लग्नात सोडलं नाय, तारेवरून नारळ फेकला. तो अलीकडंच पडला, देवापर्यंत पोचला नाय. आता स्नेहलचं लग्न. आता तार पण नाय, भिंत हाय सिमेंटची. चिंच पण दिसत नाय.

दत्ता बोलला, "आई, बस झालं. भगताशी बोललोय. साहेबांकडून एक दिवसाची परवानगी काढतो, कौल लावू, देव इकडे आणू. सोसायटीवाले गेटाजवळ जागा देतायत. मस्त टाइल्स लावू, लाइट लावू. तिकडे बिचाऱ्याला दिवा पण नाय."

"आणि तिकडं काय ठेवशील?"

"तिकडे काय ठेवायचंय? तिकडे आहे काय आपलं?"

"तोच हाय ना! सगळ्यांना काढलं, त्याला काढता आलं नाय कोणाला. आता तू काढ. वॉचमनच्या केबिनीशेजारी नेऊन बसव, चपलांजवळ. आज्याला बोल, बघ, सायबाला जमलं नाय ते तुझ्या नातवानं केलं."

"आई, तू ना कधीकधी..." बोलला नि गॅलरीत जाऊन उभा राहिला. स्नेहल आतून ओरडली, "पप्पा, आजीशी पंगा नको घेऊ यार, लग्न माझं आहे! भिंत तर भिंत. जाऊ ना!"

गेलो. गाडीतून गेलो, एसी लावून. गेटावर कोवळा शिपाई, नुकतं मिसरूड फुटलेला. "अम्मा, किससे मिलना है?"

मी बोलले, "अंदर जो रहता है उससे."

"अंदर तो कोई नहीं रहता."

"रहता है. तेरे आने के पहले से."

त्याला काय कळणार. आत सोडलं नाय. मग भिंतीलाच गेलो, जिथं चिंच असावी असा माझा अंदाज तिथं. स्नेहलनं वाटीतली हळद घेतली, दोन्ही हात भिंतीवर उमटवले. मी पण उमटवले. दत्ता लांब उभा होता. मग आला, बुटं काढली, आणि त्यानं पण हात लावला.

शिपाई धावत आला. "अरे, ये क्या कर दिया! पोंछना पड़ेगा हमको."

मी बोलले, "पोंछ. घर मेरा है, दीवार तेरी है."

तर गावच्या माणसांनो, मुलुंड माझा मुक्काम हाय. रेशनकार्ड तिथलं, मरण पण तिथंच येईल. पण गाव कुठलं विचारलं तर भिंतीकडं बोट दाखवायचं. देव इकडं आणा, तिकडं आणा, असं ग्रुपवर चाललंय ते मला कळतं. कोणी भगताला फोन करायचा नाय. ज्यानं खुंट्या ठोकल्या त्यानं त्या उपटायच्या, आपण आपला देव उपटायचा नाय. पोरापोरींची लग्नं करा, आणि हळद घेऊन भिंतीला जा. ते पुसतील. परत लावा.