सोजरचं फडकं

मरणाची बातमी माणूस घेऊन येतो, न्हाईतर फोनवर येते. मला ती आवाजानं आली. मी गाडीखाली उताणा पडलेलो, इंजिन चालू, आणि माझी बायको सोजर मागं बसून ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरलेली. तोंड असं दाबलं की धुराला वाट राहत नाही, मग कुठं बारीक फट असेल तिथून तो फुसफुसतो आणि गळती सापडते. त्या सकाळी ती सापडली. इंजिनाजवळच्या जोडावर, वरच्या अंगाला, नख शिरेल एवढी फट. मी खालून ओरडलो, "सापडली! सापडली गं!" आणि तेवढ्यात फुसफुस थांबली, मागून धूर मोकळा सुटला... भर्रर्र. म्हणजे फडकं सुटलं. मी पडल्या पडल्याच खेकसलो, "कामून सोडलीस? जरा दाबून धर की!" सरपटत बाहेर आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, फडकं मांडीवर, डोळे गाडीकडं. रुसली, असंच मला वाटलं. खांदा हलवला आणि मान पडली.

डॉक्टरला मी पहिलं हेच विचारलं, धुरानं गेली का? ते म्हणाले, उघडं अंगण, वारा सुटलेला, धुराचं काही चिन्ह नाही, काळीज जागीच थांबलं. असं कसं थांबतं? सकाळी तिनं गरम भाकरी खाल्ली होती, शेजाऱ्याच्या शेळीला शिव्या घातल्या होत्या, मला म्हणाली होती, "तुमचा सदरा आज धुवायचा न्हाई, परत लोळणारच हाव." एवढं बोलणारं माणूस... लोक म्हणतात, त्रास न होता गेली, नशीबवान. मला ते कळत नाही. मला एवढंच कळायचं आहे की मी "सापडली" म्हणालो ते तिला ऐकू गेलं का नाही. जेवताना, झोपताना, डोकं तिथंच जाऊन अडकतं.

मी बिदरकडच्या संतपूरचा. चौथीत शाळा सुटली आणि जन्म दुसऱ्याच्या गाड्या चालवण्यात गेला. आधी जीप, मग ट्रक, शेवटी हैदराबादच्या एका मालकाची मोटार. सोजरचं माहेर मादन हिप्परगा. लग्नात मी मालकाची जीप घेऊन गेलो होतो, तेव्हा तिच्या भावानं भर मांडवात विचारलं, "दाजी, गाडी तुमची का मालकाची?" सगळा मांडव हसला, मीपण हसलो. पुढं आम्ही बसनं हिप्परग्याला गेलो की तो थांब्यावर न्यायला यायचा आणि तेच, "काय दाजी, गाडी मालकाला देऊन आलाव व्हय?" थट्टाच ती. माणूस मनाचा वाईट नाही, बहिणीला कधी रिकाम्या हातानं लावून दिलं नाही. पण सोजरला ते झोंबायचं. म्हणायची, "येकदा आपल्या गाडीत जायचं. दारात लावायची, अन् चावी त्याच्या म्होरं ठिवायची. बोलायचं कायबी न्हाई."

म्हातारपणी नोकरी सुटली तेव्हा मालकाच्या पोराला त्याची जुनी पळायची गाडी नकोशी झाली होती. लाल, दोन दाराची, बसकी. शर्यतीत असतात तसलं इंजिन. मी ती सोजरला न विचारता घेऊन आलो. गल्ली गोळा झाली. शेजारचा गुंडप्पा म्हणाला, "अण्णा, ही हुबी हाय का बसलीय?" सोजर आत शिरली आणि म्हणाली, "अवो, ह्यात बसायचं का उतरायचं? हिरीत उतरल्यागत वाटायलंय." तिला औरादच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर नेलं, जरासा पाय दाबला. पाठ सीटला चिकटली तिची. पदर दातात धरला. मी म्हणालो, भ्यालीस का? तर पदर सोडून बारीक आवाजात म्हणाली, "अजून जरा..."

परतताना गावाच्या तोंडाशी गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. सायलेन्सरची नळी जोडातून हलली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी बोंबलायला लागली. सोजरनं जाहीर केलं, "असल्या बोंबलत्या गाडीत मी माहेरी जायची न्हाई. भाऊ म्हणंल दाजीनं ट्रॅक्टर आणला." बिदरला दाखवली तर गॅरेजवाला म्हणाला, असली गाडी आमच्याकडं येत नाही, हैदराबादला न्या. मग मीच खाली शिरलो. पहिली फट घावली त्या दिवशी माझ्याकडं लावायला काही नव्हतं. घरातला हौद गळला की सोजर चुना-गूळ कालवून लिंपायची आणि हौद बंद व्हायचा. "थांबा," म्हणाली, आणि तेच कालवून आणलं. मला वाटलं दगडाला धरतंय तर लोखंडाला का नाही धरणार? लावलं, वाळवलं, इंजिन चालू केलं. नळी तापली आणि सगळ्या गल्लीत चिक्कीचा वास. गुंडप्पा भिंतीवरून डोकावून विचारायला लागला, "अक्का, सणाला उशीर हाय की, पाक कामून करायलीस?" दुसऱ्या दिवशी सायलेन्सरला मुंग्यांची रांग. ती इतकी हसली की पायरीवर बसली. मग मात्र जोडात बसवायची पुढची सगळी पॅकिंग मी हैदराबादहून मागवली.

फडक्याचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, चार घड्या घालून बादलीत बुडवलेला. मी "दाब" म्हटलं की दाबायची, "सोड" म्हटलं की सोडायची. मी तिला सांगितलं होतं, सगळ्या फटी बुजल्या की धुराला कुठूनच वाट मिळत नाही, मग फडकं दाबलं की इंजिन गुदमरून बंद पडतं. बंद पडलं की समजायचं, काम झालं. तेव्हापासून दर वेळी तिचा तोच प्रश्न, "अवो, बंद कवा पडायची ही?" एक फट बुजवली की दुसरी निघायची. फडक्यावर नळीच्या तोंडाचे काळे गोल उमटत गेले, एकावर एक. धुतलं तरी ते जायचे नाहीत. तसंच दोरीवर वाळत घालायची.

तिला मातीला न्यायच्या दिवशी तिचा भाऊ आला. अंगणात गाडी तशीच, तीन चाकांवर, एक कोपरा ठोकळ्यावर. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग थट्टेचा सूर नसलेल्या आवाजात म्हणाला, "दाजी, गाडी कुणाची?" मी म्हणालो, "सोजरची." तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरागत रडला. मला रडूपण आलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, उठ, ती बाहेर आली की काय म्हणंल.

दिवस घालून सगळे गेले. शेवटची पॅकिंग आलेली पडून होती. एका दिवशी ती बसवली, नट आवळले. पण तपासायला मागं दाबायला माणूस पाहिजे. गुंडप्पा म्हणाला, मी धरतो. नको म्हणालो. दोरीवरचं फडकं काढलं, भिजवलं, नळीच्या तोंडात गच्च कोंबलं आणि मागून स्वयंपाकघरातला तिचा पाटा टेकवला. इंजिन चालू केलं आणि खाली जाऊन पडलो. कान लावला. फुसफुस नाही... कुठंच नाही. गाडी थरथरली, दोनदा आचके दिले आणि बंद पडली. अंगणात इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. मी खालूनच म्हणालो, "सोजर, बंद पडली गं." आणि सवयीनं म्हणालो, "सोड आता."

मेव्हणा रोज फोन करतो. "दाजी, गाडी घेऊन या. थांब्यावर न्हाई, वेशीवर हुबा राहतो." येतो म्हणतो. गाडी तयार आहे, चावी खिशात आहे. फक्त आधी नळीतलं फडकं ओढून काढावं लागंल. सकाळी जातो, मागं बसतो, पाटा बाजूला करतो. हिरवं टोक बाहेर दिसतं. मग पाटा परत लावतो.